‘संवादकौशल्यात ८० टक्के सुधारणा’: विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी निष्पत्ती कशी लिहावी

प्रश्न एका विशेष शिक्षिकेचा आहे. नोकरीचं दुसरं वर्ष, वाट्याला सात मुलं, आणि सातही जणांचे वैयक्तिक शैक्षणिक आराखडे लिहायचे आहेत. पहिला मसुदा ‘मोजता येईल असं लिहा’ या शेऱ्यासह परत आला, म्हणून त्यांनी जवळपास प्रत्येक वाक्यात ‘८० टक्के’ घातलं. मग पालकांच्या बैठकीत एका आईने विचारलं, “म्हणजे आमच्या घरी नेमकं काय वेगळं दिसेल?” आणि त्यांना उत्तर देता आलं नाही. त्यांनी आपली तीन वाक्यं नमुन्यादाखल पाठवली आहेत:

‘मुलाच्या संवादकौशल्यात ८० टक्के सुधारणा होईल.’
‘मुलगा वर्गात इतरांना त्रास देणार नाही.’
‘मुलीच्या वाचन-लेखनात प्रगती होईल.’

यात काय चुकतंय, निष्पत्ती लिहायची तरी कशी आणि एका मुलासाठी किती लिहाव्यात, असं त्या विचारतात.

त्या आईने जे विचारलं, तेच निष्पत्ती लिहिणाऱ्याने लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं असतं. बाई, तुम्हाला उत्तर आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. तो प्रश्न विचारणारी आई तुम्हाला दुसऱ्याच वर्षी भेटली, हे चांगलंच झालं.

निष्पत्ती म्हणजे मुलाच्या दिवसात पडलेला फरक. आपण काय देणार, कोण देणार, आठवड्यातून किती तास देणार, ही झाली मदत. आराखड्यात दोन्ही हवंच, पण दोन वेगळ्या रकान्यांत. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी मिळेल’, ‘टॅबचा वापर करेल’, ‘छोट्या गटात बसवलं जाईल’ ही वाक्यं निष्पत्तीच्या रकान्यात हमखास सापडतात आणि वर्षअखेर त्यांच्यापुढे ‘साध्य’ असं लिहिलंही जातं, कारण थेरपी खरोखरच झालेली असते. मुलाचं काय झालं, ते मात्र त्या कागदावरून कळत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून असलेल्या विशेष शिक्षणाच्या नियमावलीने यावर थेट बोट ठेवलं आहे. तीन तासांची स्पीच थेरपी ही निष्पत्ती नव्हे. त्या थेरपीमुळे मुलाला आज जमत नसलेलं काय जमू लागेल, ती निष्पत्ती, असं तिथे याच उदाहरणासकट सांगितलं आहे. कायदा कुठलाही असो, ही फोड सगळीकडे लागू पडते.

मदत कुठे संपते आणि निष्पत्ती कुठे सुरू होते हे ओळखायला मी एक साधी गोष्ट करते. वाक्य लिहून झालं की त्याला विचारते, ‘बरं, मग त्याने काय होईल?’ स्पीच थेरपी मिळेल. मग? चित्रकार्डं ओळखेल. मग? हवं ते कार्ड दाखवेल. मग? खेळाच्या तासाला कुठला खेळ खेळायचा ते स्वतः निवडेल, आज दुसरेच कुणी निवडतात. इथे थांबायचं, कारण इथे मुलाचं आयुष्य आलं. आणखी पुढे गेलात तर ‘आनंदी राहील’, ‘स्वावलंबी होईल’ अशा ठिकाणी पोहोचाल. त्या इच्छा खऱ्या आहेत, त्यांच्यासाठी आराखड्यात वेगळी जागाही असावी, पण त्या पूर्ण झाल्या की नाहीत हे बघून सांगता येत नाही.

आता तुमचं पहिलं वाक्य. ‘संवादकौशल्यात ८० टक्के सुधारणा.’ कशाच्या ८० टक्के? आज किती टक्के आहे? मूल बोलतं की नाही, खुणा करतं की ओढून नेतं, कुणाशी बोलतं, कुणाशी नाही, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. आकडा घातल्याने मोजता येत नाही. मोजायची वस्तू आधी दिसावी लागते, आणि ती दिसण्यासाठी मुलाजवळ बसावं लागतं.

एक मुलगा सांगते. वय सात, स्वमग्न (म्हणजे ऑटिझम असलेला), बोलत नव्हता. त्याच्या जुन्या आराखड्यात ‘मागणी करायला शिकेल’ असं होतं आणि पुढे शेरा होता ‘प्रगती संथ’. मी तीन दिवस मधल्या सुट्टीत त्याच्यापासून थोड्या अंतरावर वही घेऊन बसले. तो दप्तरातून पाण्याची बाटली काढायचा, झाकण एकदा फिरवून बघायचा, उघडलं नाही की बाटली शेजारच्या मोठ्या माणसाच्या पोटाला टेकवायचा. तो माणूस गप्पा मारता मारता झाकण उघडून द्यायचा. विषय संपला. एकदा मदतनीस ताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्याने बाटली त्यांच्या पाठीला लावली, थांबला, पुन्हा लावली, आणि मग जमिनीवर आपटली. तीन दिवसांत त्याला बारा वेळा मदत लागली. नऊ वेळा बाटली टेकवून काम झालं. तीन वेळा कुणाचं लक्ष नव्हतं आणि तिन्ही वेळा बाटली आपटली गेली. ‘मदत’ असं लिहिलेलं चित्रकार्ड त्याच्या दप्तराला लटकत होतं. त्याला त्याने एकदाही हात लावला नाही, कारण ते वापरायची वेळच त्याच्यावर कुणी येऊ दिली नव्हती.

त्या तीन दिवसांच्या नोंदीत आराखडा जवळजवळ लिहून झाला होता. मुलगा मागणी करत होताच. मदत माणसाकडून मिळते हे त्याला पक्कं ठाऊक होतं, जे या वयाच्या अनेक स्वमग्न मुलांना शिकवावं लागतं. अडत होतं एकाच ठिकाणी: समोरच्याचं लक्ष नसेल तर ते वेधून कसं घ्यायचं. आम्ही लिहिलं:

‘वर्षअखेरपर्यंत, मधल्या सुट्टीत आणि घरी, मदत हवी असेल तेव्हा तो जवळच्या माणसाच्या हाताला स्पर्श करून त्याचं लक्ष वेधेल आणि मदतीचं कार्ड त्याच्या हातात देईल, कुणी आठवण न करता, सलग पाच दिवस, किमान तीन वेगवेगळ्या माणसांजवळ.’

हे वाक्य लांब आहे, मान्य. पण ते हातात घेऊन कुणीही मधल्या सुट्टीत उभं राहिलं तर झालं की नाही हे सांगू शकेल. त्याच्या आईला घरी काय वेगळं दिसेल, तेही त्यात आहे. आणि त्यातला एकही शब्द मुलाच्या निदानातून आलेला नाही. सगळे बाटलीतून आले आहेत.

म्हणून तुम्हाला पहिली विनंती हीच करेन की लिहायला बसण्याआधी प्रत्येक मुलाजवळ निदान दोन-तीन दिवस, दिवसातल्या एखाद्या ठरावीक वेळी, काही न शिकवता बसा. सात मुलांसाठी हे अवघड आहे, मला कल्पना आहे. पण यात गेलेला वेळ पुढे वर्षभर भरून निघतो. मग ‘आजची स्थिती’ हा रकाना लिहा, आणि तो लिहिताना मूल काय करतं तेवढंच लिहा. ‘लक्ष देत नाही’ असं लिहू नका. ‘एकटा बसला तर तीन-चार मिनिटं काम करतो, शेजारी कुणी बसलं तर दहा मिनिटं, चित्रकलेच्या तासाला पूर्ण वेळ’ असं लिहा. दुसऱ्या वाक्यात लक्ष टिकवायची ताकदही दिसते आणि ते कशामुळे टिकतं याची किल्लीही. ‘कमकुवत’, ‘अत्यल्प’, ‘असमाधानकारक’ हे शब्द आराखड्यातून हद्दपार करा. त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही, आणि आईवडिलांना ते वाचावे लागतात.

वाक्याची बांधणी जुनीच आहे. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले: मूल काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल, आणि कितपत जमलं म्हणजे जमलं. मी त्यात चौथा भाग धरते, कशासाठी. तो प्रत्येक वाक्यात लिहिला नाही तरी चालेल, पण विचारल्यावर सांगता आला पाहिजे. बोर्डात खुंट्या बसवण्याचं उद्दिष्ट मी अनेक आराखड्यांत वर्षानुवर्षं पाहिलं आहे. कशासाठी, असं विचारलं की उत्तर येतं ‘हाताची पकड सुधारावी म्हणून’. मग पकड ज्यासाठी हवी ते लिहा ना: दप्तराची चेन लावणं, पेनाचं टोपण काढणं, शर्टाचं बटण. त्यातच सराव होतो आणि तेच मुलाला रोज लागतं.

क्रियापद निवडताना एकच पथ्य: ते डोळ्यांनी दिसायला हवं. समजेल, जाणेल, आकलन होईल, आत्मविश्वास वाढेल, हे दिसत नाही. दाखवेल, निवडेल, विचारेल, सांगेल, लावेल, वाट पाहील, परत येईल, हे दिसतं.

आता दुसरं वाक्य, ‘मुलगा वर्गात इतरांना त्रास देणार नाही.’ वर्तनशास्त्रज्ञ ऑग्डेन लिंडस्ली यांनी १९६० च्या दशकात एक कसोटी दिली. मेलेल्या माणसाला जे जमतं ते वर्तन नव्हे. ओरडणार नाही, उठणार नाही, मारणार नाही, त्रास देणार नाही, हे सगळं निष्प्राण देहालाही जमतं. ऐकायला कठोर वाटते, पण मुलांच्या बाजूची कसोटी आहे ही. मूल काय करणं थांबवेल एवढंच लिहिलं की त्याला त्याऐवजी काय करायला शिकवायचं, हे आपण लिहीतच नाही. मग उरतं फक्त त्याला गप्प बसवणं.

त्रास म्हणजे काय आणि केव्हा, हे शोधा. माझ्याकडच्या एका मुलाबद्दल अगदी हेच वाक्य लिहून आलं होतं. पाहिलं तेव्हा लक्षात आलं की तो ढकलतो ते फक्त रांगेत, आणि तेही मागून कुणी चिकटलं तर. त्याला स्पर्श सहन होत नव्हता आणि ते सांगायचा दुसरा मार्ग त्याच्याजवळ नव्हता. नवीन वाक्य असं झालं: ‘रांगेत किंवा गर्दीत असह्य वाटू लागलं की तो “जागा हवी” असं म्हणेल किंवा तसं कार्ड दाखवेल, बाजूच्या ठरलेल्या जागी उभा राहील आणि रांग पुढे गेल्यावर शेवटी येऊन मिळेल.’ आणि मदतीच्या रकान्यात, तितक्याच स्पष्टपणे: ‘कार्ड दाखवल्यावर प्रत्येक वेळी, कारण न विचारता, लगेच जागा मिळेल.’ हे दुसरं वाक्य पाळलं गेलं नाही तर पहिलं कधीच साध्य होणार नाही. मुलाने सभ्य शब्दांत मागितलं तरी मिळत नाही आणि ढकललं की मिळतं, असं झालं तर मूल ढकलणारच. त्यात त्याचा दोष नाही.

याच संदर्भात एक गोष्ट मनापासून सांगते. स्वमग्न मुलांसाठी ‘नजरेला नजर देईल’, ‘हात हलवणं थांबवेल’, ‘शांत बसेल’ असली उद्दिष्टं लिहू नका. मी स्वतः सुरुवातीच्या काळात ‘नजरेला नजर’ लिहिलेली आहे. कित्येक स्वमग्न व्यक्तींनी मोठेपणी सांगितलं आहे की डोळ्यांत पाहायला लावलं की त्यांना ऐकूच येईनासं होतं, सगळी शक्ती त्या पाहण्यातच जाते. ते उद्दिष्ट बघणाऱ्याच्या समाधानासाठी असतं. मूल ऐकतंय का हे हवं असेल तर तेच लिहा: ‘नाव घेऊन सांगितल्यावर सांगितलेली वस्तू आणून देईल.’ ते पाठमोरं असलं तरी चालेल.

मोजणीबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण तुमचा मसुदा त्याच शेऱ्याने परत आला होता. मोजता येणारं, वेळेत बसणारं वगैरे पाच अक्षरांचं ‘स्मार्ट’ सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ते जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये व्यवस्थापकांसाठी लिहिलं होतं, आणि प्रत्येक उद्दिष्टात पाचही गोष्टी असायलाच हव्यात असं नाही, हे त्यांनीच तिथे म्हटलं होतं. शाळांमध्ये मात्र त्याचं ‘प्रत्येक वाक्यात टक्के हवेत’ असं झालं. टक्के कुठे शोभतात? एकसारखे पुष्कळ प्रयत्न असतील तिथे: वीस शब्दांपैकी किती वाचले, दहा गणितांपैकी किती बरोबर. ‘रस्ता सुरक्षितपणे ८० टक्के वेळा ओलांडेल’ हे वाक्य मी एका आराखड्यात खरोखर वाचलं आहे. पाचातल्या त्या एका वेळी काय होईल, याचा विचार लिहिणाऱ्याच्या मनात आलाच नव्हता. रस्ता, औषध, गरम वस्तू, अनोळखी माणूस, इथे प्रत्येक वेळी जमलं तरच जमलं म्हणायचं, आणि तोवर सोबतीला कोण असेल ते लिहायचं. एखाद्या मुलाच्या बाबतीत मोजायचं असतं ते किती वेळ (काम सुरू करायला दहा मिनिटं लागतात, ती दोनवर येतील), एखाद्याच्या बाबतीत किती वेळा, आणि आमच्या कामात सर्वांत जास्त उपयोगी पडणारं माप म्हणजे किती मदतीने.

मदतीच्या पायऱ्या असतात. हात धरून करून घेणं, करून दाखवणं, बोट दाखवणं, तोंडी सांगणं, नुसतं थांबून वाट पाहणं, आणि मग मूल आपणहून. ‘हात स्वच्छ धुवेल’ यापेक्षा ‘आज प्रत्येक टप्प्याला हात धरावा लागतो; वर्षअखेर भिंतीवरच्या चित्रांकडे पाहून, माणसाच्या मदतीशिवाय धुवेल’ हे कितीतरी खरं आहे. एक सूचना इथे करते: तोंडी सूचना सर्वांत हलकी मदत वाटते, पण सुटायला तीच जड जाते. ‘आता साबण घे, आता नळ बंद कर’ हे वर्षभर ऐकलेलं मूल त्या आवाजाशिवाय थबकतं. म्हणून निष्पत्तीत कुणाच्या तरी सांगण्यावर अवलंबून असलेला टप्पा शेवटचा म्हणून ठेवू नका.

ज्या मुलांची प्रगती फार बारीक पावलांनी होते, त्यांच्यासाठी किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये मांडलेली पाच पातळ्यांची मोजपट्टी मला फार आवडते. मूळची मानसिक आरोग्याच्या सेवांसाठी होती, पण आमच्याकडे ती छान बसते. अपेक्षित निष्पत्ती शून्यावर ठेवायची, खाली दोन पायऱ्या, वर दोन. बाटलीवाल्या मुलाची अशी होती:

उणे २: बाटली टेकवतो, कुणाचं लक्ष नसेल तर आपटतो. (आजची स्थिती)
उणे १: कार्डाकडे बोट दाखवलं तर कार्ड उचलून देतो.
०: आपणहून स्पर्श करून कार्ड देतो, तीन माणसांजवळ.
अधिक १: बाटलीशिवाय इतर अडचणींतही, उदाहरणार्थ दप्तराची चेन अडकली तर, तसंच करतो.
अधिक २: मोठ्या माणसाऐवजी सोबतच्या मुलाकडे मदत मागतो.

याचा फायदा असा की मूल उणे दोनवरून उणे एकवर आलं तरी कागदावर ते दिसतं. नुसतं ‘साध्य’ आणि ‘असाध्य’ असे दोनच रकाने असले की वर्षभराची मेहनत ‘असाध्य’मध्ये जाते, मुलाचीही आणि तुमचीही. तो ‘प्रगती संथ’चा शेरा असाच आलेला होता.

शिकलेलं भलतीकडेच राहून जाणं हा आमच्या क्षेत्रातला सर्वांत मोठा खड्डा. अकरा वर्षांची एक मुलगी घड्याळ अचूक ओळखायची, कागदावर. छापलेल्या वीसपैकी वीस घड्याळांखाली बरोबर वेळ लिहायची. उद्दिष्ट साध्य, शंभर टक्के. पण वर्गातल्या भिंतीवर घड्याळ असून ती दिवसातून दहा वेळा विचारायची, “बस कधी येणार?” भिंतीवरची ती गोल वस्तू आणि कागदावरचं चित्र एकच आहे, आणि त्यात आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे तिला कुणी जोडून दिलेलं नव्हतं. हॅरिंग आणि ईटन यांनी १९७८ मध्ये शिकण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: आधी येऊ लागणं, मग सराईतपणे येणं, मग वेगळ्या ठिकाणी वापरता येणं, आणि शेवटी नव्या अडचणीनुसार त्यात बदल करता येणं. बहुतेक आराखडे पहिल्या पायरीवर संपतात. पुढचं आपोआप होईल अशी आशा धरली जाते, आणि आमच्या मुलांच्या बाबतीत ते क्वचितच आपोआप होतं. म्हणून जागा, माणसं आणि प्रसंग निष्पत्तीच्या वाक्यातच घाला. तिचं वाक्य नंतर असं लिहिलं: ‘बसची वेळ जवळ आली की ती भिंतीवरचं घड्याळ पाहून किती वेळ उरला ते स्वतः सांगेल आणि दहा मिनिटं उरली की दप्तर भरायला घेईल.’ दहा वेळा विचारणं बंद करण्याचा उल्लेख त्यात नव्हता. ते विचारणं आपसूक कमी झालं.

अपेक्षा किती ठेवायची? लहान ठेवली की साध्य होते, म्हणून लहान ठेवायचा मोह होतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका स्वमग्न मुलाचा खटला आला. त्याच्या आराखड्यांत वर्षानुवर्षं बरीचशी तीच ती उद्दिष्टं पुढे ओढली जात होती. नावापुरती प्रगती पुरेशी नाही, आराखडा त्या मुलाच्या परिस्थितीत योग्य इतका महत्त्वाकांक्षी असला पाहिजे आणि आव्हान देणारी उद्दिष्टं गाठायची संधी प्रत्येक मुलाला मिळाली पाहिजे, असं न्यायालयाने एकमताने सांगितलं. तुमच्या कपाटात मागच्या वर्षीचे आराखडे असतील. ते काढा आणि यंदाच्या मसुद्याशेजारी ठेवा. तेच वाक्य दुसऱ्या वर्षी आलं असेल तर एकदा ठीक आहे. तिसऱ्या वर्षी तेच येत असेल तर एक तर शिकवण्याची पद्धत बदलायला हवी किंवा ते उद्दिष्ट त्या मुलाचं नव्हेच. मुलाला येत नाही हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढायचा. अ‍ॅन डोनेलन यांनी १९८४ मध्ये मांडलेलं तत्त्व मी कायम हाताशी ठेवते: मुलाला काय जमेल याचा पक्का पुरावा नसेल तर असं गृहीत धरा की जे चुकीचं ठरलं तरी मुलाचं कमीत कमी नुकसान होईल. समजतंय असं धरून गोष्ट वाचून दाखवली आणि नसेल समजलं, तर काय बिघडलं? समजत नाही असं धरून पाच वर्षं गोष्टच वाचली नाही, तर ती पाच वर्षं परत आणता येत नाहीत.

आणि मुलाला विचारा. १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला, त्याच्याशी संबंधित बाबींत आपलं मत मांडण्याचा हक्क देतं. नीट बोलणाऱ्यांनाच असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. सेरेब्रल पाल्सी असलेली दहा वर्षांची एक मुलगी होती. आम्ही सगळ्यांनी मिळून, फिजिओथेरपिस्टसकट, लिहिलं होतं: ‘वॉकर घेऊन वर्गापासून चित्रकलेच्या खोलीपर्यंत चालत जाईल.’ मोजता येण्याजोगं, दिसणारं, सगळं बरोबर. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पण मी पोहोचते तेव्हा खिडकीजवळच्या जागा संपलेल्या असतात.” तिला चालण्याचं काही नव्हतं. मैत्रिणींबरोबर पोहोचायचं होतं आणि त्यांच्याशेजारी बसायचं होतं. वाक्य बदललं: ‘चित्रकलेच्या तासाला ती मैत्रिणींबरोबर निघेल, त्यांच्याबरोबरच पोहोचेल आणि कुठे बसायचं ते स्वतः ठरवेल.’ ती व्हीलचेअरवरून जाऊ लागली. चालण्याचा सराव सुटला नाही. तो फिजिओथेरपीच्या वेळेत राहिला, जिथे त्याची जागा होती. बोलू न शकणाऱ्या मुलांचं मत विचारता येत नाही असं नाही. दिवसातल्या प्रसंगांचे फोटो समोर ठेवा. मूल कुठला हातात घेतं, कुठला ढकलतं, कशापाशी रेंगाळतं, कशाच्या आधी पोटात दुखतं, हे लिहून ठेवा. ते त्याचं मतच आहे.

किती निष्पत्ती लिहाव्यात, असंही तुम्ही विचारलं आहे. माझ्या मते एका मुलासाठी तीन ते पाच. सोळा निष्पत्तींचा आराखडा कुणी उघडत नाही. त्या प्रत्येकीखाली सहा-आठ आठवड्यांच्या छोट्या पायऱ्या पाडा. त्या बदलल्या, चुकल्या, गाळल्या तरी हरकत नाही. वरची निष्पत्ती दिशा धरून ठेवते. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने बहुतेक मुलांसाठी अशा लहान उद्दिष्टांची सक्ती काढून टाकली, कागद कमी व्हावेत म्हणून. मी मात्र ती लिहिल्याशिवाय राहत नाही, कारण चुकलेली वाट वर्षअखेर कळण्यापेक्षा दोन महिन्यांत कळलेली बरी. नोंद कोण करेल, कधी करेल, कुठल्या कागदावर, हेही तिथेच ठरवा. ‘सर्व शिक्षक’ असं लिहिलं की कुणीच करत नाही.

मसुदा झाला की मुलाला न ओळखणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला द्या आणि विचारा, उद्या तू या वर्गात आलीस तर काय बघशील? तिने जे सांगितलं ते तुमच्या मनातल्या चित्राशी जुळलं तर वाक्य तयार आहे. मग तेच वाक्य त्या आईला वाचून दाखवा.

तुमचं तिसरं वाक्य राहिलं, ‘मुलीच्या वाचन-लेखनात प्रगती होईल.’ त्याची सुरुवात मी करून देऊ शकते: ‘वर्षअखेरपर्यंत ती … स्वतः वाचेल आणि त्यावरून … करेल.’ पहिल्या रिकाम्या जागी काय येईल? भिंतीवरचं वेळापत्रक, भावाने लिहिलेली चिठ्ठी, खेळाचे नियम, जोडाक्षरं नसलेली छोटी गोष्ट, मोबाइलवर आलेला आजीचा निरोप? तुमच्या पत्रात ती आठ वर्षांची आहे आणि तिला अध्ययन अक्षमता आहे एवढंच आहे. तिला काय वाचावंसं वाटतं, कुठला मजकूर दिसला की ती थांबते, आज कुठल्या अक्षरापाशी अडते आणि अडल्यावर कुणाकडे बघते, ते नाही. सोमवारपासून तीन दिवस तिच्याजवळ बसा. काय दिसलं ते मला लिहून पाठवा, मग त्या दोन रिकाम्या जागा आपण मिळून भरू.